‘सोडली’ की ‘सुटली’?



आज मी ‘त्याग’ या एका शब्दावर बोलणार आहे. आपल्या खानदेशाचे या शब्दाशी जुने नाते आहे. साने गुरुजींनी १९३० साली अमळनेरच्या शाळेतल्या नोकरीवर पाणी सोडले आणि ते सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती गुरुजींनीच लिहून घेतली. शेवटच्या प्रवचनात त्यागाचाच विचार आहे. काम टाकणे हा त्याग नव्हे, फळाची आस सोडणे हा त्याग, असा त्याचा आशय.

रोजच्या बोलण्यात आपण ‘सोडणे’ म्हणतो. त्याच्या शेजारीच ‘सुटणे’ आहे. माणूस आपल्या मर्जीने सोडतो. मर्जी नसताना हातून जाते, ते सुटते.

दिवाळीनंतर सातपुड्याच्या पाड्यांवरून कितीतरी आदिवासी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. बिऱ्हाडाबरोबर लेकरेही जातात. मग अहवालात आपण लिहितो, ‘मुलीने शाळा सोडली.’ कृपा करून असे लिहू नका. तिने काही सोडले नाही. तिची शाळा सुटली, आणि तीही घंटा वाजून नव्हे.

याच शब्दाची दुसरी बाजूही आहे. मंडळीत एखादा भाऊ साक्ष देताना ‘मी दारू सोडली’ असे न म्हणता ‘माझी दारू सुटली’ म्हणतो. तिथे सुटणे म्हणजे सुटका, आणि तिचे श्रेय तो देवाला देतो.

मार्काच्या बाराव्या अध्यायात विधवेच्या दोन टोल्या आपल्याला पाठ असतात. पण त्याच्या अगदी आधी प्रभू विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांना दोष देतो, हे आपण विसरतो. तिने मनापासून दिले, तो त्याग. लोकांनी तिच्यासारखीचे घर गिळले, त्याला त्याग म्हणता येत नाही. गरिबाचे हिरावलेले त्याच्या नावावर त्याग म्हणून मांडू नये.

तेव्हा या हंगामात दोन गोष्टी करू या. अहवालात खरा शब्द लिहू या. आणि आपल्या खर्चातले थोडे खरोखरच सोडू या, म्हणजे आईबाप तोडीला गेले तरी ती मुलगी आजीजवळ पाड्यावर राहील, दोन वेळ जेवेल आणि शाळेत जाईल.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.