परिचारिकांची शिदोरी
(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी संमेलनात केलेले भाषण)



अशा प्रसंगी संस्थेच्या गत कार्याचा गौरव करण्याची रीत आहे, आणि आमच्या आधीच्या वक्त्यांनी तो यथोचित केला आहे. आम्ही पेशाने शिक्षक. तेव्हा पुढचा धडा कोणता, एवढेच आपणांपुढे मांडतो.

आपल्या शिष्यवृत्तीवर लिंबायतमधील कित्येक मुली परिचारिका झाल्या. घरी अहिराणी, शाळेत मराठी, रुग्णालयात गुजराती आणि हिंदी, आणि पुस्तके इंग्रजीत, अशा कसरतीतून त्यांनी प्रमाणपत्र मिळविले. प्रमाणपत्र हाती आले की शिष्यवृत्तीची फाईल बंद होते. परिचारिकेचे शिक्षण मात्र तेथे बंद होऊन चालत नाही.

एकच उदाहरण घेऊ. अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे मूल जन्मले की ते प्रथम काचेच्या पेटीत ठेवावे आणि प्रकृती स्थिरावल्यावर आईच्या उराशी द्यावे, अशी शिकवण होती. भारत, घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया या पाच देशांत तिची पारख झाली. आपल्याकडील रुग्णालय होते दिल्लीचे सफदरजंग. एक ते १.८ किलो वजनाची, स्वतः श्वास घेऊ शकणारी मुले जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल अशी ठेवली, तेव्हा २८ दिवसांत शेकडा १२ दगावली; जुन्या रीतीने सांभाळलेल्यांत शेकडा १५.७. हे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले, आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने तीच शिफारस केली. हा उपाय पैशाचा नव्हे, माहितीचा आहे. त्यापूर्वी शिकून बाहेर पडलेल्या मुलीस तो कोणी सांगावयाचा?

भारतीय परिचर्या परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १५० तासांचे निरंतर शिक्षण ठरविले आहे. महिन्याला अडीच तास. ऐकताना हे फार वाटत नाही. परंतु जेथे दोघींवर सारे रुग्णालय चालते, तेथे एकीला वर्गास सोडणार कोण? वर्गाचे शुल्क, जाण्यायेण्याचा खर्च, रात्रपाळी, घरची लेकरे, आणि वर इंग्रजीतील व्याख्यान! ज्या दोघी-तिघींना जाणे जमते, त्या सोबत कागद आणतात. ते कागद त्यांच्याच पिशवीत राहतात. दोष त्यांचा नाही. ते ठेवण्यास सामाईक जागाच नाही.

परिचर्या आणि अध्यापन या दोन विद्या शेजारणी आहेत. मदिनेत हजरत रुफैदा यांनी मशिदीच्या आवारात तंबू ठोकून जखमींची शुश्रूषा केली आणि इतर स्त्रियांनाही ती विद्या शिकविली, असे परंपरा सांगते. पुण्यात सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता निवर्तल्या. त्या तर आमच्याच पेशाच्या. इल्म वाटल्याने घटत नाही, हे दोघींनी आचरणाने दाखविले.

म्हणून आमची सूचना साधी आहे. ट्रस्टच्या वाचनालयातील एक कपाट परिचारिकांसाठी राखावे. वर्गाहून आलेल्या प्रत्येकीने आपल्या कागदांची प्रत तेथे ठेवावी, आणि महिन्यातून एका रविवारी आपण काय शिकलो ते इतर भगिनींस सांगावे. जागतिक आरोग्य संघटनेची बहुतेक नवी प्रकाशने विनामूल्य मिळतात, आणि विक्रीचा हेतू नसेल तर मूळ स्रोत नमूद करून व तिच्या अटी पाळून त्यांचे भाषांतर करता येते. त्यांतील कामाचा भाग मराठीत, मोठ्या अक्षरांत, एका पानावर आणण्यास आम्ही शाळेतील मंडळी हात देऊ. रात्रपाळीनंतर डोळे मिटत असतात, हे ध्यानी घेऊन तेच पान वाचून त्याचा आवाज मोबाईलवरही पाठवावा. धुणे वाळत घालताना ऐकता येईल.

मात्र काही पथ्ये पाळावी लागतील. प्रत्येक पानावर ते कोठून घेतले आणि कोणत्या वर्षाचे, हे लिहिलेले असावे. जुने झालेले पान काढून टाकावे, कारण शिळे ज्ञान शिळ्या औषधासारखे घातक ठरते. भाषांतर डॉक्टरांनी किंवा परिचर्येच्या अध्यापिकेने तपासल्यावाचून कपाटात जाऊ नये. रुग्णाचे नाव वा छायाचित्र त्यात कदापि नसावे. औषधाची मात्रा डॉक्टरांच्या लेखी आदेशाप्रमाणेच, पानाप्रमाणे नव्हे. आणि हेही स्पष्ट सांगतो, की कपाटातील वाचन त्या १५० तासांत मोजले जाणार नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त वर्गच हवेत. त्या वर्गांचे शुल्क शिष्यवृत्तीच्या निधीतून देता येईल काय, याचा विचार विश्वस्तांनी करावा, अशी आमची विनंती आहे.

मंडळी, आपल्या घरातील कोणी आजारी पडते, तेव्हा डॉक्टर येऊन जातात. रात्रभर उशाशी असते ती परिचारिका. तिला ठाऊक असलेली नवी गोष्ट आपल्याच लेकराच्या कामी येणार आहे. पंचवीस वर्षे आपण तिला शिकण्यास मदत केली. यापुढे तिला शिकत राहण्यास मदत करू या.