दुसऱ्या फ्लॅटचे मालक



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने सरकारला चार खडे बोल सुनावावेत, वाचनसंस्कृतीची काळजी करावी आणि शाल सावरत खाली बसावं, अशी आपल्याकडची रीत आहे. सरकारकडे मी येईनच. पण आज माझं भांडण आधी समोर बसलेल्या तुमच्याशी आहे आणि तुमच्यात मीही आलो.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले हजारो परत आत गेलेच नाहीत. त्यावर आपण पुष्कळ लिहिलं. जयंत पवारांनी ‘अधांतर’ नाटकात गिरणी कामगाराच्या घरातली पोरं रंगमंचावर आणली, तेव्हा आपण उठून टाळ्या वाजवल्या. गिरणगावासाठी गळा काढायला आपल्याला आवडतं, कारण त्या पापात आपला हात नव्हता असं आपण धरून चाललो आहोत. आजच्या पोरांबद्दल मात्र आपण गप्प. ती पोरं इथून तासाभरावरच्या कारखान्यांत आहेत, चाकणला आहेत, भोसरीला आहेत, तळेगावला आहेत.

त्यांच्या नोकरीचं गणित ऐका. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं, तर तात्पुरत्या कामगाराला कायम होण्याचा दावा करता येतो. हे कामगाराला माहीत असो नसो, कारखान्याला पक्कं माहीत असतं. म्हणून सात महिने झाले की ब्रेक. महिने सात, दिवस दोनशे दहा. मग दुसरा ठेकेदार, दुसरा गेटपास, काम तेच. शेजारी उभा असलेला कायम कामगार तोच नट आवळतो आणि कितीतरी पट पगार घेतो. आयटीआय झालेला पोरगा पंचविशीपर्यंत चार कंपन्यांचे चार गणवेश जमवतो आणि लग्नाच्या बैठकीत ‘परमनंट आहे का?’ या एका प्रश्नाला खाली मान घालतो.

संध्याकाळी हा पोरगा जातो कुठे? तुमच्या-माझ्या दुसऱ्या फ्लॅटमध्ये. पेन्शनीला हातभार म्हणून घेतलेला तो वन बीएचके, कॉट बेसिसवर सहा जणांना दिलेला. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, दलाली, सोसायटीची एनओसी. त्याआधी फोनवरची चौकशी: बॅचलर की फॅमिली? व्हेज की नॉनव्हेज? आणि मग जरा आवाज खाली घेऊन, आडनाव काय? मुलगी एकटी असेल, तर रात्री किती वाजता येणार याचाही हिशेब द्यायचा. प्रबोधनाच्या परंपरेवर परिसंवाद घेणारे आपण, भाडेकरू निवडताना ती परंपरा घरी ठेवून येतो.

आता या अकरा महिन्यांचं बघा. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची नव्हती, म्हणून ही मुदत रूढ झाली. पण महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि त्याच्या कलम ५५ ने प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असावा असं सांगितलं, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. तेव्हा अकरा महिन्यांनी मालकाला कायद्यातली कुठलीच सूट मिळत नाही. मिळतं ते दरवर्षी भाडं वाढवण्याचं निमित्त, ब्रोकरला पुन्हा दलाली आणि पोराच्या मानगुटीवर कायमची टांगती तलवार. तरीही ‘नोंदणी कशाला, नोटरी करून टाकू’ म्हणणारे कमी आहेत का? उत्पन्न दिसू नये, एवढ्याचसाठी ते.

कोणी म्हणेल, भाडेकरू घर बळकावतात. ही धास्ती १९४७ च्या भाडे कायद्याच्या काळातली आहे. त्याच १९९९ च्या कायद्याने लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट आकार लावला आहे. मालकाची बाजू भक्कम आहे. उघडी बाजू आहे ती डिपॉझिट परत मिळेपर्यंत फोन करत राहणाऱ्याची. रंगाचे पैसे, साफसफाईचे पैसे, गीझरचे पैसे कापून उरेल ते घ्यायचं, कारण हक्कासाठी वकील करायचा तर डिपॉझिटपेक्षा त्याची फी जास्त.

‘आम्हीसुद्धा एका खोलीत दहा जण राहिलो,’ हे वाक्य मला आता ऐकवू नका. राहिलात, खरं आहे. गिरणीतला बदली कामगार रोज सकाळी गेटवर उभा राहायचा आणि हाताला काम नसेल तर रिकामा परतायचा. तो काळ सोन्याचा मुळीच नव्हता. पण लालबाग-परळला कोकणातल्या गावकीच्या खोल्या होत्या. नोकरी गेली म्हणून तिथली वळकटी कोणी रस्त्यावर टाकत नव्हतं. खानावळवाल्या बाया उधारीवर जेवू घालत. काम सुटलं तरी छप्पर टिकत होतं. आज ब्रेक लागला की तिसऱ्या आठवड्यात खोलीही सुटते आणि पोरगा पुन्हा बीडची नाहीतर वाशीमची गाडी धरतो. २०२० च्या टाळेबंदीत हे सगळ्या देशाने पाहिलं. त्यानंतर केंद्राने भाड्याच्या परवडणाऱ्या घरांची योजना आणली. पण ज्या एमआयडीसीत कारखान्याला भूखंड मिळतो, तिथे कामगाराच्या खोलीला जागा राखून ठेवायला काय हरकत होती? सरकारला माझा एवढाच प्रश्न.

माणसं कामावर ठेवताना सरकारही कारखान्यांहून काही वेगळं नाही म्हणा. २०२३ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने बाह्ययंत्रणेमार्फत सरकारी पदं भरण्याचा निर्णय काढला आणि ओरड झाल्यावर ऑक्टोबरात मागे घेतला. निर्णय गेला, ठेकेदार राहिले.

आणि आता आपल्या स्वतःच्या अंगणात येतो. या मंडपात मराठी विभागाचे प्रमुख आहेत, शिक्षणसंस्थांचे विश्वस्त आहेत. तुमच्याकडे ग्रामीण आणि दलित साहित्य शिकवतं कोण? नेट-सेट, पीएचडी झालेली, तासिका तत्त्वावरची मुलं-मुली. नेमणूक सत्र सुरू होऊन गेल्यावर, सुट्टीचा पैसा नाही, मानधन महिनोन्महिने थकलेलं. दिवसा बाबुराव बागूल शिकवून रात्री मोटरसायकलवर जेवणाचे डबे पोचवणाऱ्याला तुम्ही ‘नवोदित’ म्हणून कविसंमेलनात पाच मिनिटं देता, प्रवासखर्च न देता. आणि वर विचारता, तरुण पिढी कादंबरी का लिहीत नाही? कादंबरीला टेबल लागतं, मित्रहो, आणि ते टेबल पुढच्या वर्षीही त्याच खोलीत असेल एवढी खात्री लागते.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. या संमेलनाला देणगी देणाऱ्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने तासिका शिक्षकांचं किती महिन्यांचं मानधन थकवलं आहे, आणि प्रत्येक उद्योजकाने सात महिन्यांवर ब्रेक दिलेले कामगार किती, हे याच मंचावरून वाचून दाखवावं. जो वाचणार नाही त्याची देणगी परत. मांडव थोडा लहान होईल, स्मरणिका पातळ निघेल. खजिनदार आत्ताच माझ्याकडे बघताहेत. त्यांना एवढंच सांगतो की पहिला धनादेश परत करायची वेळ आली, तर त्यावर दुसरी सही माझी घ्या.