सकाळची धडधड

आज बोलूया सकाळच्या धास्तीबद्दल. डोळे उघडतात, आपण अजून अंथरुणातच, आणि छातीत धडधड, पोटात गोळा. घडलेलं काहीच नसतं. मला हे गेली कित्येक वर्षं होतंय.

जाग आल्यावर पहिल्या ३० ते ४५ मिनिटांत बहुतेकांच्या शरीरात कॉर्टिसॉल वाढतं. आपल्याला उठवून कामाला लावायचं हे त्याचं काम. पण मन आधीच ताणात असेल, तर तीच जाग धोक्यासारखी वाटते. मग मन कारण शोधायला लागतं. घराचा हप्ता, ऑफिस, आईचा रिपोर्ट... काहीतरी सापडतंच.

म्हणून माझा एकच नियम: पहिल्या अर्ध्या तासात आयुष्याचा निकाल लावायचा नाही. फोन लांब. पाय जमिनीवर. श्वास घ्यायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ सोडायला. आधी पाणी, दोन घास, मग चहा. धडधड लगेच थांबत नाही, पण ती सांगेल ते सगळं खरं मानावं लागत नाही.

रोजच असं होत असेल, झोप-काम बिघडत असेल, तर डॉक्टरांना भेटा. टेलि-मानसचा नंबर १४४१६. मोफत आहे, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.