संधिवात आणि आयुर्मर्यादा



'संधिवाताने माणूस मरत नाही, केवळ अंथरुणाला खिळतो,' हा समज समाजात रूढ आहे. वयोमानाने होणाऱ्या गुडघ्यांच्या झिजेपुरता तो बहुतांशी खरा. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताविषयी मात्र तो घातक ठरतो.

१९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली घरोघर पाहणी झाली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांनी, म्हणजे सुमारे १८ टक्के लोकांनी, सांध्यांच्या वा स्नायूंच्या वेदना सांगितल्या. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे रुग्ण त्यांत थोडे, सुमारे अर्धा टक्काच होते. परंतु खरी चिंता त्यांचीच. या व्याधीतील दाह रक्तवाहिन्यांनाही ग्रासतो. त्यामुळे हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचा धोका सुमारे दीडपट होतो. फुप्फुसाचे विकार व जंतुसंसर्गही आयुष्य घटवितात.

तथापि निराशेचे कारण नाही. ल्युपस या सजातीय व्याधीत १९५० च्या दशकात पाच वर्षे जगणारे रुग्ण जेमतेम निम्मे असत. आज ते नव्वद टक्क्यांहून अधिक आहेत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील १,२४० संधिवातरुग्णांच्या अभ्यासात मेथोट्रेक्झेट घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते; चुकून रोज घेतल्यास तेच प्राणघातक ठरते.

पर्युषणात तपश्चर्या करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानी ठेवावी. दीर्घकाळ चालू असलेली स्टेरॉइडची गोळी उपवासासाठी एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतू शकते. पच्चक्खाण घेण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे हाही विवेकच होय.

धामापूरचा तलाव १५३० साली बांधला गेला. बांधाची गळती लहान असतानाच बुजविली, तरच पाणी शतकानुशतके टिकते. देहाचेही तसेच आहे. सकाळी बोटे अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक काळ आखडत असतील, सांधे सुजत असतील आणि हे काही आठवडे चालले असेल, तर मालिश व वेदनाशामक गोळ्यांवर काळ न दवडता तज्ज्ञ गाठावा. धूम्रपान सोडावे, रक्तदाब तपासावा.

शास्त्रांनी औषधदान श्रेष्ठ दानांत गणले आहे. घरातील माउली भाताच्या लावणीनंतर हात दुखतात म्हणून गप्प बसते. तिला वेळेत डॉक्टरांकडे नेणे, हेही औषधदानच आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने एवढा संकल्प केला, तरी पुष्कळांचे आयुष्य वाढेल.

जयजिनेंद्र.