घंटेनंतरचे शिक्षण

(वाशीम जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजना शिबिराच्या समारोपप्रसंगी केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



गेले सात दिवस तुम्ही या गावात राहिलात. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरलीत, त्यांची तोंडे शिवलीत आणि ओढ्यावर वनराई बंधारा उभा केलात. घरी गेल्यावर कुणी तरी विचारीलच, "याचे परीक्षेत गुण किती?" त्या प्रश्नाचे उत्तर आज आपण शोधू या.

अशा कामांना आपण 'अभ्यासेतर उपक्रम' म्हणतो. 'इतर' या शब्दातच दुय्यमपणा आहे. आपल्या भूमीची परंपरा मात्र निराळी आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. राजशेखराने 'काव्यमीमांसा' ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरीत झाल्याचे वर्णिले आहे. सृजन आणि शास्त्र यांची गाठ जेथे पडली, तेथे वर्ग एकीकडे आणि रंगमंच, मैदान, श्रमदान दुसरीकडे, अशी विभागणी शोभत नाही.

१९८३ साली स्थापन झालेले आपले विद्यापीठ आज संत गाडगेबाबांचे नाव धारण करते. बाबा दिवसा खराट्याने गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. आधी कृती, मग शब्द! महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तिच्याही मुळाशी हाच विचार आहे. दोन वर्षांत २४० तासांची सेवा आणि सात दिवसांचे शिबिर, हा तिचा सांगाडा. त्यात प्राण ओतायचा तो तुम्ही.

या बंधाऱ्याने काय शिकवले? आपला जिल्हा जलविभाजकावर वसला आहे. काटेपूर्णा येथे उगम पावून उत्तरेला पूर्णेकडे जाते. अडाण आणि अरुणावती यवतमाळकडे वळतात. पाणी जन्मते येथे आणि निघून जाते दुसरीकडे. हे भूगोलाच्या पुस्तकात वाचणे वेगळे आणि ओसरत्या धारेत उभे राहून पोते रचणे वेगळे. दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांची संमती मिळवणे, पोत्यांचा हिशेब ठेवणे, थकलेल्या सोबत्याला न दुखावता कामाला लावणे, हे कोणत्या प्रश्नपत्रिकेत येते?

आता एक कटू गोष्ट सांगतो. दोष माझाच आहे. मी अध्यापक असताना स्नेहसंमेलनाच्या नाटकाची तालीम सायंकाळी पाच वाजता ठेवीत असे. उत्तम वाचा असलेली एक विद्यार्थिनी कधीच येत नसे. 'अनास्था' असा शेरा मी मनोमन मारून टाकला. तिच्या गावाची शेवटची एस.टी. साडेचारला सुटते, हे मला वर्ष संपल्यावर कळले. अनास्था तिची नव्हती, माझी होती. त्या मुलीला रंगमंच मिळाला नाही, याची रुखरुख आजही आहे.

प्रत्येक महाविद्यालयात वक्तृत्वाला, क्रीडेला, संमेलनाला तेच ते दहा-बारा चेहरे दिसतात. उरलेल्यांना आवड नसते असे नाही. त्यांना बस गाठायची असते, सोयाबीनच्या सोंगणीला घरी हात लावायचा असतो. म्हणून प्राध्यापक बंधूंना माझी विनंती आहे, की तालीम दुपारच्या सुटीत घ्या, शिबिर विद्यार्थ्यांच्याच गावात न्या, पालकांच्या ओट्यावर जाऊन बसा. विश्वास बसला, की आईवडील मुलीला आपणहून पाठवतील.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांमधील भिंत पाडण्याचे म्हटले आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत आता अशा उपक्रमांना श्रेयांकही मिळतात. हे स्वागतार्ह आहे. पण सावध राहा. श्रेयांकासाठी हजेरीपटावर सही आणि छायाचित्रापुरते हातात फावडे, असे झाले तर भिंत पडूनही आपण बाहेरच राहू.

तेव्हा "गुण किती?" असे कुणी विचारले, तर त्याला या ओढ्यावर घेऊन या. शेजारच्या विहिरीत डोकावायला सांगा. आणि पुढच्या वर्षी येताना, यंदा जो येऊ शकला नाही त्या एका मित्राला, त्या एका मैत्रिणीला सोबत आणा. तुमच्या शिबिराचे खरे मूल्यमापन तेच ठरेल.