कर्ज कुणाचे, मत कुणाचे?



विठ्ठलवाडीहून रोज कल्याण गाठून पुढे मुंबईला जाणाऱ्या माणसाला ‘ब्रिक्स’, ‘जागतिक सत्तासंतुलन’ हे शब्द लांबचे वाटतात. पण हा विषय आपल्या लोकलच्या रुळांपर्यंत येऊन पोहोचला आहे.

मुंबईच्या रेल्वेसाठी आखलेल्या ‘एमयूटीपी’च्या पहिल्या टप्प्याला 2002 साली जागतिक बँकेने कर्ज दिले. तिसऱ्या टप्प्यासाठी 50 कोटी डॉलर आले ते आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेकडून. पनवेल-कर्जत मार्ग, विरार-डहाणू चौपदरीकरण आणि लोकांनी जीव धोक्यात घालून रूळ ओलांडू नयेत यासाठीची कामे त्यात आहेत. या बँकेचे मुख्यालय बीजिंगला. चीन तिचा सर्वांत मोठा भागधारक, भारत दुसरा. करारावर सह्या झाल्या ऑगस्ट 2020मध्ये, गलवानला चीनशी झालेल्या संघर्षात आपले 20 जवान धारातीर्थी पडल्यानंतर दोनच महिन्यांनी. सीमेवर आपण मागे हटलो नाही आणि बँकेतला मताचा हक्कही सोडला नाही. मला हे धोरण योग्य वाटते.

या हक्काचे मोल समजायला 1944 आठवावे. ब्रेटन वुड्सला जगाची नवी अर्थव्यवस्था ठरत होती. आपले चिंतामणराव देशमुख तिथे होते. पण भारताच्या शिष्टमंडळाचे नेते होते इंग्रज अर्थसदस्य जेरेमी रेझमन! तिथेच जन्मलेल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मोठ्या निर्णयांना आजही 85 टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे 16 टक्क्यांहून अधिक आहेत. तिने मान हलवली नाही, तर निर्णय अडतो.

म्हणून 2014मध्ये ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका या ‘ब्रिक्स’ देशांनी न्यू डेव्हलपमेंट बँक उभारली. पाचांचे भांडवल समान, नकाराधिकार कुणालाच नाही. पहिले अध्यक्ष के. व्ही. कामत. मुंबई मेट्रोच्या 2 आणि 7 क्रमांकाच्या मार्गांना या बँकेने कर्ज मंजूर केले.

बीजिंगच्या बँकेत मात्र चीनकडे पाव हिश्शाहून अधिक मते आहेत आणि महत्त्वाच्या ठरावांना तीन चतुर्थांश मते लागतात. म्हणजे तिथेही एकाच देशाच्या हाती किल्ली! वॉशिंग्टनची मक्तेदारी आपल्याला खुपते, तर बीजिंगचीही खुपली पाहिजे. समान भांडवल, समान मत हीच अट भारताने प्रत्येक नव्या संस्थेत लावून धरावी. कर्ज फेडायचे आहे ते तुमच्याआमच्या घामातून. मग त्यावरचा शब्दही आपलाच हवा.