भेंडीचा ठसा, हळदीचा रंग



बचत गटाच्या बैठकीत आपण हिशोब करतो आणि लेकरं कंटाळून रडतात. मागे एका लेकराने गटाच्या वहीवरच रेघा ओढल्या. आईने धपाटा घातला. मग आम्हालाच वाईट वाटलं. त्याला कागद आणि रंग आपण दिलाच कुठे होता?

आता बैठकीत आम्ही जुनं वर्तमानपत्र अंथरतो. एका वाटीत हळदीचं पाणी, दुसरीत गेरू, तिसरीत बिटाचा रस. भेंडी आडवी कापून रंगात बुडवली की कागदावर फूल उमटतं. पोळ्याला बैलाच्या अंगावर गेरूचे ठसे देतो, तसंच. काडीला कापूस गुंडाळला की झाला ब्रश. हळदीच्या चित्रावर खायच्या सोड्याचं पाणी लावा, पिवळ्याचा लाल होतो! चुन्यानेही होतो, पण चुना डोळ्यांत गेला तर इजा होते. तो लेकरांच्या हाती देऊ नका.

वारली बाया लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढत आल्या आहेत. त्याच वारली चित्रकलेसाठी जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. रंग घरातलेच होते.

चिमटीत काडी धरून लेकराच्या बोटांना बळ येतं, पुढे पेन्सिल धरणं सोपं जातं. चित्र चुकलं म्हणून हसू नका. "काय काढलंस, सांग बरं," एवढंच विचारा.

त्याच लेकराने परवा पाच पायांचा बैल काढला. आईने तो भिंतीवर लावलाय.